पाच नंबरच्या गाडीतला जॉर्ज

त्या माणसाला मी एकवीस वर्षं ओळखत होते. म्हणजे दर चार दिवसांनी एकदा, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, चार-पाच सेकंद. एवढ्या ओळखीवर कुणाची कथा सांगू नये हे मला कळतं. पण जे झालं ते माझ्या सहीने झालं, तेव्हा सांगायचं कामही माझंच.

मी वेस्टा नॉर्डक्विस्ट, कॅन्ससमधल्या टार्लो स्टेशनची ऑपरेटर. लढाईच्या काळात पुरुष गेले म्हणून कंपनीने मला घेतलं आणि नंतर काढायला विसरली. काम सोपं, पण चुकलं तर माणसं मरतील असं. लाइनवरचा मुख्य माणूस, हार्लन, फोनवरून गाड्यांचे हुकूम सांगायचा. मी ते पातळ हिरव्या कागदावर उतरवायचे, शब्द न शब्द त्याला वाचून दाखवायचे, खाली सही करायचे. प्रेअरी कॉमेट, म्हणजे पाच नंबरची गाडी, टार्लोला थांबत नसे. म्हणून त्या कागदाच्या दोन प्रती लांब काठ्यांच्या दोरीत अडकवून रुळांशेजारी उभं राहायचं. ताशी ऐंशी मैलांनी गाडी अंगावर आली की इंजिन ड्रायव्हर हात घालून एक कागद उचलणार आणि शेवटच्या डब्यातून कंडक्टर दुसरा. दोन्ही वेळा जीव मुठीत.

त्या शेवटच्या डब्याच्या अर्ध्या दारात पांढऱ्या जाकिटातला एक उंच काळा पोर्टर उभा असायचा. झोपायच्या डब्याचा तो सर्वेसर्वा. बिछाने घालणं, बूट पुसणं, रडकी पोरं शांत करणं, सगळं त्याच्याकडे. कंडक्टरने कागद उचलला की हा सेंट लुइसचा आदल्या संध्याकाळचा पेपर, दोरीने घट्ट गुंडाळलेला, बरोबर माझ्या पायाशी टाकायचा. एकवीस वर्षांत एकदाही चिखलात पडला नाही. मी ओरडायचे, "थँक यू, जॉर्ज!" आणि गाडी गेलेली असायची. नाताळात मी काठीला बिस्किटांची पिशवी बांधायचे, वर चिठ्ठी, 'जॉर्जला'. पुढच्या खेपेला पेपरच्या कडेला पेन्सिलने लिहिलेलं असायचं, 'दालचिनी जरा जास्त. पण संपली.'

१९४७च्या मे महिन्यात कॉमेट पहिल्यांदा धावली तेव्हा टार्लोची शाळा सोडली होती. चकचकीत पोलादी गाडी, नाक पुढे काढलेली, सगळे डबे एकसारखे. आमच्या लेनार्टमामाची टोपी तिच्या वाऱ्याने उडाली ती तीन दिवसांनी पुढच्या गावच्या कुंपणात सापडली. मामा ती टोपी मरेपर्यंत मिरवत होता. जेवणाच्या डब्यात पांढरे टेबलक्लॉथ, चांदीचे चमचे, ताजी फुलं. आम्हाला ते खिडक्यांतून क्षणभर दिसायचं आणि तेवढ्यावर आम्ही आठवडाभर बोलायचो.

मग हमरस्ते झाले, विमानं झाली, आणि कंपनीला कॉमेट नकोशी झाली. सरकार गाडी बंद करू देईना, तेव्हा कंपनीने तिला उपाशी ठेवली. मधला काचेच्या छताचा डबा काढला. मग जेवणाचा डबा काढून सँडविचचं यंत्र बसवलं. मग टपालाचा डबा गेला. खिडक्या धुणं बंद. मग कंपनीचे अधिकारी सरकारी रेल्वे आयोगापुढे जाऊन गळा काढायला मोकळे, की बघा, लोकच येत नाहीत. चोराच्या उलट्या बोंबा! पण शेवटच्या डब्याच्या खिडक्या तेवढ्या लख्ख असायच्या. तो पोर्टर घरून व्हिनेगर आणि फडकं आणायचा हे मला नंतर कळलं.

१९६८च्या मार्चमधला गुरुवार. आयोगाने गाडी बंद करायला परवानगी दिली होती, पण कुणीतरी कोर्टातून मनाई आणली होती, त्यामुळे गाडी धावत होती. मनाई उठली तर बंद होईल, सगळ्यांना ठाऊक होतं. बंद होईल म्हणजे आदल्या दिवशी पाटी लागेल, शेवटची फेरी होईल, कुणी फुलं घालेल, असं आपल्याला वाटतं. दहाला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"टार्लो, लिहून घे," हार्लन म्हणाला. "पाच नंबर, टार्लो इथे रद्द. प्रवाशांसाठी बस येते आहे. रिकामे डबे आणि सगळे कर्मचारी दीड वाजता पूर्वेकडे परत."

माझी पेन्सिल 'टार्लो इथे'वरच अडली.

"हार्लन, सकाळी सकाळी ढोसलीस का रे?"

"वाचून दाखव, वेस्टा."

"अरे, गाडीत माणसं आहेत! डेन्व्हर अजून दोनशे मैल आहे!"

"साडेनऊला कोर्टाची मनाई उठली. साहेब म्हणाले, आता एक मैलसुद्धा नाही. मी काय करू? माझ्या बापाची आहे का गाडी? वाच."

मी वाचलं. शब्द न शब्द. खाली सही केली. खरं सांगते, इतकी वर्षं या कामात होते, अपघात पाहिले, रुळांवर मेलेली गुरं उचलली, पण धावत्या गाडीला मधेच 'तू नाहीस' म्हणून सांगायचं, हे मी ऐकलंही नव्हतं. मी सिग्नल लाल केला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

गाडी किंचाळत थांबली. आमचा फलाट चार गाढवं उभी राहतील एवढा, त्यामुळे शेवटचा डबा बराच मागे, खडीवर राहिला. मी कागद घेऊन धावले. अर्ध्या दारात तो उभा होता, हातात गुंडाळलेला पेपर तसाच. थांबलेल्या गाडीतून तो टाकायचा कसा, हे त्याला सुचत नव्हतं. शेवटी खाली वाकून त्याने तो माझ्या हातात दिला. जवळून तो माझ्या कल्पनेपेक्षा खूपच म्हातारा होता.

कंडक्टर रॉस्को डिल आला. जाडा, तापट, पण मनाचा वाईट नाही. त्याने हुकूम दोनदा वाचला आणि डब्याच्या पायरीवरच बसला. चेहरा पिठासारखा.

"जॉर्ज," तो पोर्टरला म्हणाला, "माणसं उतरव. गाडी रद्द."

"कॅप्टन, प्रवाशाला तिकिटावर लिहिलंय तिथे उतरवायचं. टार्लो कुणाच्याच तिकिटावर नाही."

"अरे बाबा, रद्द म्हणजे रद्द! नियमाच्या पुस्तकाप्रमाणे या क्षणी इथे गाडीच नाही!"

"मग मी उभा कशावर आहे?"

त्याच वेळी आतून घंटी वाजली. प्रवाशाने पोर्टरला बोलवायची बारीक घंटी. त्याने जाकीट खाली ओढून नीट केलं, "आलो, बाईसाहेब," म्हणाला आणि आत गेला. जग बुडालं आणि याला घंटीचं पडलंय! मला वाटलं, धक्क्याने डोकं फिरलं याचं. मी मागोमाग चढले.

ए नंबरच्या खोलीत साठीची एक काळी बाई बसली होती. निळी हॅट, पांढरे हातमोजे, मांडीवर दोरी बांधलेला बुटांचा खोका. चेहऱ्यावर असा आनंद, की मला तिच्याकडे बघवेना.

"अहो, गाडी का थांबली?" ती त्याला म्हणाली. "मेंढ्या आडव्या आल्या की काय? बारा चाळीसचं वळण चुकायचं हं आपलं."

तो खिडकीचा पडदा नीट करत राहिला. कुणीतरी बोलायला हवं म्हणून मी तोंड उघडलं. उघडलं नसतं तर बरं झालं असतं.

"मला माफ कर, जॉर्ज. हुकूम मीच लिहून घेतला."

"जॉर्ज कोण?" बाई म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कामातलं नाव आहे, ओडेसा," तो हळूच म्हणाला. "काही विशेष नाही."

"कामातलं नाव? नवऱ्याचं नाव मला आज कळतंय, लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर? कुणी ठेवलं?"

कुणी ठेवलं हे आम्हा गोऱ्यांपैकी कुणालाही विचारा, आम्ही खांदे उडवू. फार पूर्वी झोपायच्या डब्यांच्या एका मालकाचं नाव जॉर्ज होतं, म्हणून त्याचे सगळे पोर्टर जॉर्ज. गुलामांना मालकाचं नाव चिकटायचं, तसं. मला ठाऊक नव्हतं म्हणू? खोटं होईल. ते त्याचं खरं नाव नसणार हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. विचारलं नाही, एवढंच.

"तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?" ओडेसाने मला विचारलं.

"एकवीस."

"हं. यांचं नाव लेम्युएल ब्रॅक्स्टन. म्हणा."

"लेम्युएल ब्रॅक्स्टन," मी म्हणाले. पन्नाशीची बाई मी, शाळेतल्या पोरीसारखी म्हणाले. कानशिलं तापली होती.

त्याने तिला गाडीचं सांगितलं तेव्हा तिला पहिल्यांदा हसूच आलं. "रद्द? आपण आत बसलोय ना!" मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. हिरवा कोवळा गहू, आभाळ, आमचं धान्याचं कोठार, बाकी काही नाही. हळूहळू तिचा चेहरा दगडासारखा झाला.

बस यायला तीन तास होते. अकरा प्रवासी, सगळे सुन्न. एक सैनिक पुन्हा पुन्हा तिकीट काढून बघत होता, जणू त्यावर टार्लो उमटेल. मी सगळ्यांना वेटिंग रूममध्ये आणलं, शेगडी पेटवली, कॉफी केली. ओडेसा माझ्या टेबलाशी येऊन बसली. मला वाटलं, आता उरलंसुरलंही ऐकवणार. पण तिने खोका सोडला, तळलेली कोंबडी बाहेर काढली आणि एक तंगडी माझ्यापुढे ठेवली.

"खा. तुझा रंगही काही बरा दिसत नाही."

त्या तीन तासांत मला त्याचं आयुष्य कळलं. मिसिसिपीतला जन्म. तेविसाव्या वर्षी सेंट लुइसला येऊन पोर्टर झाला. दोन मुलं वाढवली ती बाहेरगावी राहूनच. मोठ्याचं पहिलं पाऊल पडलं तेव्हा हा डेन्व्हरला होता, धाकटीच्या लग्नात जेमतेम चर्चपर्यंत पोचला, तेही गणवेशात. कॉमेट सुरू झाली त्या रात्री घरी येऊन बायकोला म्हणाला होता, "एकदा तुला ए नंबरच्या खोलीत बसवणार. तू घंटी वाजवायचीस, मी यायचं. जेवायच्या डब्यात टेबलक्लॉथवर जेवायचं, घरचं जेवण खोक्यात बांधून न्यायचं नाही. आणि बारा चाळीसला एक वळण येतं, तिथे डाव्या खिडकीतून निळी रेघ दिसते. सगळ्यांना ढग वाटतो. तो डोंगर असतो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! पुढच्या वेळी. आधी मुलं लहान, मग माझी सासू अंथरुणाला खिळली, मग यांना सुट्टी मिळेना. दर वर्षी पुढच्या वेळी. टेबलक्लॉथचा डबा गेला तेव्हा मी म्हटलं, आता माझी कोंबडीच बरी. या महिन्यात हेच म्हणाले, ओडेसा, आता पुढची वेळ उरली नाही, चल." ती बोटं पुसत म्हणाली, "रात्रीपासून सात वेळा घंटी वाजवली मी. काही काम नव्हतं. नुसतं यांना 'आलो, बाईसाहेब' म्हणताना ऐकायचं होतं."

तिने डोंगर आयुष्यात पाहिला नव्हता. सेंट लुइसमध्ये लोकांच्या घरच्या चादरी धुण्यात आयुष्य गेलं.

आणि हुकुमातली खरी मेख तिच्या तेव्हा लक्षात आली. प्रवासी बसने पश्चिमेला. कर्मचारी डब्यांबरोबर पूर्वेला. "म्हणजे मी एकटी?" ती म्हणाली. तो खिडकीशी उभा होता, त्याने मान खाली घातली. डबा सोडून जाणं हा पोर्टरचा एकच गुन्हा असा, की ज्याला माफी नाही. अडतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. त्या घटकेला सगळं त्यावर अडलं होतं.

सव्वाला बस आली. जुनी, चिखलाने माखलेली, पायरी गुडघ्याएवढी उंच. लेम्युएलने डब्यातून आपली पिवळी पायरी आणली, प्रवाशांना उतरवायला पोर्टर दाराखाली ठेवतात तो लहान लोखंडी चौरंग. बसच्या दाराखाली ती ठेवली, रुमालाने पुसली. मग एकेकाला कोपराला हात देऊन चढवलं. "सांभाळून, सर." "सांभाळून, बाईसाहेब." प्रत्येकाला. जणू डेन्व्हर आलं होतं.

शेवटी ओडेसा. तिने पायरीवर पाय ठेवला नाही.

"चला, बाईसाहेब," तो म्हणाला. "बस थांबायची नाही."

"अहो, एकवीस वर्षं मी पुढच्या वेळी पुढच्या वेळी ऐकलं. आता पुढची वेळ कुठल्या गाडीने आणणार? ती तर उभीसुद्धा नाही म्हणे."

डिल मागे उभा होता. घाम पुसत म्हणाला, "जॉर्ज, तू डबा सोडलास तर मला लिहावं लागेल रे. मला त्यात ओढू नकोस."

लेम्युएलने वळून त्या लांब चंदेरी गाडीकडे पाहिलं. मळलेल्या खिडक्या, आणि शेवटच्या डब्याच्या तेवढ्या लख्ख.

"कुठला डबा, कॅप्टन?" तो शांतपणे म्हणाला. "गाडी रद्द आहे. पुस्तकाप्रमाणे इथे काहीच उभं नाही, तुम्हीच म्हणालात. जे नाहीच, ते मी सोडणार कसं?"

त्याने पांढरं जाकीट काढलं, नीट घडी घातली आणि डिलच्या हातात दिलं. मार्चच्या वाऱ्यात नुसत्या शर्टावर. डिलचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. माझंही.

"ए जॉर्ज," बसचा ड्रायव्हर आतून ओरडला, "त्या बॅगा मागे टाक आधी!"

आणि त्याचे हात निघाले. मी पाहिलं. जाकीट काढलं तरी हात आपोआप बॅगांकडे निघाले. ओडेसाने त्याचा दंड धरला.

"हे प्रवासी आहेत," ती ड्रायव्हरला म्हणाली. "बॅगा तुम्ही टाका."

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, गोरी बाई काय म्हणते म्हणून. मी काही तरी ठणकावून बोलले असं मला इथे लिहायला आवडलं असतं. मी बोलले नाही. पण ओडेसा हलेना, आणि शेवटी तो पुटपुटत उतरला आणि त्याने बॅगा टाकल्या.

ती चढली. मग लेम्युएलने स्वतःच्या पायरीवर पाय ठेवला आणि थबकला. खाली उभं राहून कोपराला हात द्यायला कुणी नव्हतं. मी पुढे झाले आणि त्याचं कोपर धरलं. तो चढला. बस गेली. पायरी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी मी सवयीने बाहेर जाऊन उभी राहिले. काठी न घेता. नुसतीच उभी राहिले आणि आत आले.

दहा दिवसांनी टपालाने एक पेपर आला, डेन्व्हरचा, तसाच दोरीने गुंडाळलेला. कडेला पेन्सिलने, 'डोंगर दिसले. बसचं वळण वेगळं, पुढच्या माणसाचं डोकं मधे, आणि ओडेसाला ढगच वाटला. मग ती रडली. तुमच्या कॉफीबद्दल आभारी आहे.' खाली, पहिल्यांदाच, पूर्ण नाव आणि सेंट लुइसच्या घराचा पत्ता.

त्याच आठवड्यात कंपनीचा लखोटाही आला. चौकशी होती. कंडक्टर डिल यांनी आपण त्या वेळी शौचालयात होतो, काही पाहिलं नाही, असं कळवलं होतं. बिचाऱ्या रॉस्कोने आयुष्यात केलेली ही एकच थोर गोष्ट असावी. तेव्हा साक्षीदार मी एकटी उरले. प्रश्न होता, पोर्टर लेम्युएल ब्रॅक्स्टन यास आपण डबा सोडून जाताना पाहिलं काय? आणि एक पिवळी पायरी हरवली आहे, ती कुठे आहे?

मी टाइपरायटरवर बसले आणि लिहिलं, 'पायरीबद्दल मला माहिती नाही. ब्रॅक्स्टन नावाच्या कुणा पोर्टरला मी ओळखत नाही. त्या दारात उभ्या असणाऱ्या माणसाला एकवीस वर्षं कंपनीचे सगळे लोक जॉर्ज म्हणत, मीही म्हणत होते. आपण जॉर्जला शोधावं.' खाली सही केली, हुकुमावर केली होती तशीच.

पायरी माझ्या टेबलाखाली होती, पाय तिच्यावरच होते. कंपनीचं पाकीट बंद करून बाजूला ठेवलं. मग दुसरं पाकीट घेतलं, त्यात दालचिनी कमी घातलेल्या बिस्किटांची कृती घातली, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मिस्टर लेम्युएल ब्रॅक्स्टन.